मातीचा रिपोर्ट चांगला आलाय, मग जमीन घेऊ का?

पत्र (थोडं कापलंय): "ताई नमस्कार. डोंबिवलीला राहतो, पुढच्या वर्षी बँकेतून रिटायर होतोय. साताऱ्याकडे वडिलोपार्जित सातबाऱ्यावर माझं नाव आहे, त्यामुळे शेतकरी दाखल्याचा प्रश्न नाही. पण तिकडे पाऊस कमी म्हणून कोकणात राजापूरकडे 3 एकर बघितली आहे. वर सपाट, मधे उतार, खाली भाताची खाचरं, कडेने व्हाळ. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा सगळं हिरवंगार होतं आणि व्हाळाला धो धो पाणी. एजंटने मातीचा रिपोर्टपण दिला, सामू (pH) 5.4, सेंद्रिय कर्ब 1.2 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, बाकी ठीक. एक एकर हापूस, एक एकर सुपारी आणि तिच्यावर मिरी, एक एकर अव्होकाडो असा प्लॅन केलाय. दसऱ्याच्या आत टोकन द्या म्हणतोय. रिपोर्ट चांगला आहे ना? आणि मिसेस विचारते की घराजवळ नारळ होतील का. — एक वाचक"

नमस्कार दादा,

टोकन देऊ नका. अजून तरी नाही. जमीन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं, कदाचित खूप छान असेल, पण तुम्ही जे बघून आलात त्यावरून ते कळायला काही मार्गच नाही. आमच्या वाडीत एक आजोबा होते ते म्हणायचे, "जमीन पावसात बघू नये, मे म्हयन्यात बघूची. पावसात काय, धोंडोय हिरवो दिसता." तुम्ही नेमकी ऑगस्टमध्ये बघितलीत, आणि एजंट लोक पार्ट्यांना बरोबर जुलै ते ऑक्टोबरमध्येच फिरवतात, उगाच नाही.

आधी रिपोर्टबद्दल, कारण सगळा भरवसा तुम्ही त्या एका कागदावर ठेवलाय. पहिला प्रश्न, सॅम्पल कोणी घेतलं आणि कुठून घेतलं? एजंटने दिला म्हणजे बहुतेक खालच्या खाचरातली मूठभर माती गेली असणार, तिथलीच दिसायला सगळ्यात चांगली असते. तुमच्या वर्णनावरून तुमच्या 3 एकरात किमान तीन वेगवेगळ्या जमिनी आहेत, एका पिशवीतल्या अर्ध्या किलो मातीने तिघींचा निकाल कसा लागणार. आणि दुसरं म्हणजे रिपोर्टमधले आकडे नेमके त्याच गोष्टींचे असतात ज्या आपल्याला नंतर सुधारता येतात. सामू 5.4 हा कोकणाला अजिबात नवीन नाही, एवढा पाऊस हजारो वर्षं पडून चुना-मॅग्नेशियम सगळं धुऊन नेतो आणि लोह-अॅल्युमिनियम मागे राहतं, म्हणून तर माती लाल दिसते आणि आंबट असते. स्फुरद कमी येतो तोही त्याच कारणाने, म्हणजे घातलेला स्फुरद हे लोह-अॅल्युमिनियम धरून ठेवतात आणि झाडाला मिळू देत नाहीत. यावर उपाय आहेत, लॅब सांगेल तेवढा चुना, शेणखत, स्फुरद सगळीकडे फेकण्यापेक्षा मुळाशी, खत एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने कारण ही माती खत धरून ठेवायला कमजोर. दोनतीन वर्षं पैसे आणि मेहनत, एवढंच. सेंद्रिय कर्ब 1.2 बघून हुरळू नका, कोकणात झाडपाल्यामुळे आकडा बरा येतोच, पण जमीन उघडी करून नांगरलीत की या उष्ण-दमट हवेत तो भराभर उतरतो.

पण मातीची खोली, मे महिन्यातलं पाणी, उतार, वारा, या गोष्टी पोत्यात मिळत नाहीत. म्हणून जमीन बघताना आधी जे बदलता येणार नाही ते बघायचं आणि जे बदलता येतं ते शेवटी. लोक बरोबर उलटं करतात. मीही केलं होतं, सांगते पुढे.

अजून एक, "जमीन चांगली आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगली? जागतिक अन्न आणि शेती संघटनेने 1976 साली जमीन तपासायची जी पद्धत ठरवून दिली ती अजून जगभर वापरतात, त्यातली मूळ गोष्ट हीच की जमिनीला एकटीला मार्क द्यायचे नाहीत, जमीन आणि पीक अशा जोडीला द्यायचे. एस-1 म्हणजे उत्तम, एस-2 म्हणजे बरी, एस-3 म्हणजे जेमतेम, आणि एन म्हणजे नकोच. त्यामुळे एकच कातळ काजूला जेमतेम का होईना चालून जातो आणि सुपारीला सरळ नापास होतो. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी हे इंग्रजी अक्षरांशिवाय केलेलंच आहे की, मळेजमीन, वरकस, भरड, खार, पुळण, ही सगळी नावं म्हणजे कुठे काय लावायचं याचा निकालच आहे. सातबारा उघडा, त्यात 'तरी' म्हणजे भातजमीन किती, 'वरकस' म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन किती, 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला न येणारी किती ते लिहिलेलं असतं. पोटखराबा मोठा असेल तर त्याचे पैसे तुम्ही बागायतीच्या भावाने देताय का ते बघा. आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा, कुळ, सामाईक हिस्सेदार, खाजगी वनाचा शेरा, यातलं काही असेल तर मातीचा विषय नंतर, आधी वकील.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. परत जाल तेव्हा एक पहार घेऊन जा, खरंच. साधी लोखंडी पहार. तीन एकरात 25-30 ठिकाणी ती ठोकून बघायची आणि किती आत गेली ते वहीत लिहायचं, कागदावर जमिनीचा ओबडधोबड आकार काढून त्याच जागी आकडा टाकायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे पण त्यातून जो नकाशा तयार होतो तसा तुम्हाला कोणीही देणार नाही. वरच्या सपाटीवर माझा अंदाज आहे पहार चारसहा इंचावर ठण्ण वाजेल, तो सडा आहे, म्हणजे जांभ्याचा कातळ, पावसात त्यावर गवत आणि रानफुलं येतात म्हणून हिरवा दिसतो. उतारावर दीड-दोन फूट, कुठे तीन. खाली खाचरांत सगळ्यात जास्त, कारण वरची धुपलेली माती शेकडो वर्षं तिथेच येऊन बसलीये.

मग प्रत्येक भागात एक असे तीन खड्डे खणायला लावा, मीटरभर लांब, रुंद आणि खोल. एजंट कुरकुर करेल, मजुरी तुम्ही द्या, एवढ्या मोठ्या व्यवहारात ती काहीच नाही. खड्ड्यात उतरा आणि भिंत बघा. वरपासून खालपर्यंत लाल-तांबूस एकसारखी असेल तर पाणी मुरतंय, हवा खेळतीये. खाली करडे-निळसर डाग दिसले तर तिथे पाणी तुंबतं, काजू-आंब्याची मुळं तिथे कुजणार. जुनी मुळं कुठपर्यंत गेलीत ते बघा, मुळं खोटं बोलत नाहीत. कातळ लागला तर त्यात भेगा आहेत का ते बघा कारण हापूसची मुळं त्या भेगांतून खाली जातात आणि त्यावरच झाड टिकतं, पण अखंड कातळ ब्रेकरने फोडून त्यात माती भरलीत तर तो खड्डा नसून दगडी हंडा होतो, पावसाळाभर पाणी साठणार आणि एप्रिलमध्ये भट्टी. नंतर त्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघा. अजून तसंच असेल तर निचरा नाही.

मातीचं सॅम्पलही तेव्हाच घ्या, स्वतः. फळबागेसाठी वरचा एक फूट, दुसरा फूट, तिसरा फूट असे थर वेगळे काढायचे, भागाभागाचं वेगळं, झाडाखालची, गोठ्याजवळची, बांधावरची माती टाळायची, सावलीत वाळवून पिशवीत चिठ्ठी टाकून लॅबला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा किंवा जिल्ह्याच्या सरकारी लॅबला द्या, फी फार नसते.

आता पाणी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझे हात इथेच भाजलेत. 2011 साली मी घरामागच्या भरडात दीडशे सुपाऱ्या लावल्या. माती तीन फूट होती, रिपोर्ट छान, रोपवाटिकेवाला म्हणाला पोफळीला कोकणासारखी हवा नाही, विहीर जानेवारीपर्यंत तुडुंब असायची आणि मी एवढंच बघून खूश. तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीने तळ दाखवला. दीडशेपैकी पस्तीस उरल्या. मातीचा काही दोष नव्हता, रोपांचाही नव्हता, मी मे महिन्यात विहिरीत डोकावलेच नव्हते, बस.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे खरं, पण तो चार महिन्यांत. ऑक्टोबरअखेर ते जून सात महिने कोरडे, आणि जांभा म्हणजे स्पंज, वरून आलेलं पाणी भोकाभोकांतून खाली जातं आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्यातून निघून समुद्राला. म्हणून एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात कोकणातल्या वाड्यांना टँकर लागतात. साताऱ्याकडे पाऊस कमी म्हणून तुम्ही इकडे आलात ना, त्यावर मला हसू आलं, रागावू नका.

हिशोब करूया. सुपारी 2.7 मीटरवर लावली तर एकरात साधारण 550 झाडं बसतात. ठिबकवर एका झाडाला उन्हाळ्यात रोज 15 लिटर धरा, म्हणजे सव्वाआठ हजार लिटर. रोज! जवळजवळ एक टँकर. आता विहीर असेल तर, 10 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 2,200 लिटर. म्हणजे तुमच्या सुपारीसाठी विहिरीत रात्रीत पावणेचार फूट पाणी परत चढायला हवं, आणि तेही मे महिन्यात. विहिरीत दोरी सोडून पातळी मोजा, संध्याकाळी पंपाने उपसा, सकाळी परत मोजा, उत्तर समोर. विहीर नसेल आणि एजंट म्हणाला की बोअर मारा, पाणी आहेच, तर बोअर त्याच्या खर्चाने मारायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

व्हाळाचं म्हणाल तर तो बारमाही आहे का पावसाळी आहे हे वाडीतल्या बायकांना विचारा. पुरुष सांगतील "असतं पाणी." बायका सांगतील कुठल्या महिन्यात हंडा घेऊन कुठे जावं लागतं. एक चांगली खूणही सांगते, जांभ्याच्या खाली पुष्कळदा पांढरट-पिवळी चिकणमाती असते, पाणी तिथवर उतरतं आणि मग त्या थरावरून आडवं वाहत उताराला बाहेर पडतं. तुमच्या उताराच्या पायथ्याशी असा झरा असेल आणि तो मार्चनंतरही झिरपत असेल, तर ती जमीन रिपोर्ट न बघता चांगली.

झाडंही बोलतात थोडं. उतारावर आईन-किंजळ सरळसोट वाढलेले असतील तर खाली माती आहे. सगळीकडे नुसती करवंदीची जाळी असेल तर त्यावरून काही ठरवू नका, ती दगडातही येते. वारुळं दिसली की लोक खाली पाणी आहे म्हणतात, वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही वारुळावरून पाणी शोधायचं प्रकरण आहे, पण त्या भरवशावर बोअरचे पैसे घालू नका एवढीच विनंती. सगळ्यात खरं बोलतात ती शेजाऱ्याची झाडं. शंभर पावलांवर कोणाची पंधरा-वीस वर्षांची कलमं असतील तर त्यांचा घेर बघा, पालवी बघा, मालकाला चहा पाजा आणि विचारा की किती मेली. किती जगली असं विचारलंत तर फुशारकीच ऐकायला मिळेल.

आता तुमच्या प्लॅनकडे. हापूस ठीक आहे, पण सपाट सड्यावर नको, उतारावर जिथे पहार तीन फूट तरी गेली तिथे. हापूसला थंडी आणि कोरडा काळ लागतो मोहोर यायला, त्यामुळे पाण्याची चैन नसली तरी तो नाराज होत नाही, पहिली तीनचार वर्षं मात्र हाताने पाणी घालावं लागतं. समुद्राकडचा वारा थेट अंगावर येत असेल तर आधी वारारोधक झाडांची ओळ. सड्याच्या कडेला आणि हलक्या उतारावर काजू, वेंगुर्ल्याच्या केंद्राच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जातींची कलमं विश्वासाच्या रोपवाटिकेतून घ्या. काजू गरीब जमिनीत तग धरतो म्हणून लोक त्याला कुठेही टोचतात, पण पाणी तुंबलेलं त्याला बिलकुल चालत नाही. बांधाला आणि घळीला माणगा बांबू लावा, माती धरतो आणि विकलाही जातो. कोकम दोन-चार तरी लावा, सावलीत निमूट वाढतं. अगदी वरचा उघडा कातळ आहे तसा सोडा, फार तर तिथे अस्तराचं शेततळं करा, उंचावर साठवलेलं पाणी खाली पंपाशिवाय येतं.

सुपारी-मिरी फक्त खाली, व्हाळाकडेला, आणि तीही मे महिन्यातलं पाणी मोजून, एक एकर वगैरे नाही, पाणी पुरेल तेवढी झाडं. शंभर तर शंभर. भाताची खाचरं मोडू नका, तिथे भात आणि मग ओलाव्यावर कुळीथ किंवा वाल. पाणी निघालं तर कलिंगड.

अव्होकाडो. दादा, हे व्हिडिओ बघून ठरवलंय ना? अव्होकाडोच्या मुळाशी पाणी तुंबलं की मूळकूज ठरलेली, आणि आपल्याकडे जुलैत आठवडा आठवडा पाऊस थांबत नाही, मग त्याच झाडाला एप्रिलमध्ये कोरडा ताप. एक एकर हा जुगार आहे. हौस म्हणून चांगल्या निचऱ्याच्या उतारावर पाच झाडं लावा, पाच वर्षांनी ती काय म्हणतात बघू. दोडामार्गला केरळहून आलेल्या लोकांनी रबर-अननस जमवलं हे खरं आहे, म्हणून बाहेरचं पीक कोकणात येतच नाही असं नाही. पण दोडामार्ग आणि राजापूरचा सडा एकच नाही, आणि ते लोक रोज जमिनीवर उभे होते, शनिवार-रविवारी येणारे नव्हते.

एक धोका मुद्दाम सांगते कारण एजंट नक्की म्हणेल, "साहेब, जेसीबी लावून सगळं लेव्हल करून देतो." अजिबात करू देऊ नका. वरची वीतभर माती हीच काय ती कमाई असते, जेसीबी ती खाली गाडतो आणि खालचा जांभा वर आणतो, आणि जांभा उघडा पडला की हवेने कडक होत जातो. चिरेखाणीतला चिरा ताजा असताना हत्याराने कापता येतो आणि मग घराला शंभर वर्षं टिकतो ना, तोच हा प्रकार. 1800-01 साली फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर मलबारात फिरताना हेच बघत होता, लोक मऊ दगड विटांसारखा कापतात आणि तो सुकून टणक होतो, त्यावरून त्याने 1807 साली छापलेल्या पुस्तकात याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट नाव दिलं. तर तुम्ही तुमच्या आंब्यासाठी विटेची लादी करून घेऊ नका.

आणि माकडं. हे कुठल्याच लॅबच्या रिपोर्टमध्ये येत नाही पण जमीन कशाला लायक आहे हे आजकाल निम्मं माकडं आणि रानडुकरं ठरवतात. वाडीत विचारा की कोणी नाचणी, केळी, नारळ घ्यायचं सोडून दिलंय का, आणि का.

दसऱ्याच्या टोकनचं असं सांगा, की मी खड्डे खणून बघतो, विहीर उपसून बघतो, मे महिन्यात परत येतो, मग बोलू. दुसरी पार्टी तयार आहे म्हणेल, म्हणू दे. अगदीच जमीन सोडवत नसेल तर विहिरीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेघा बघा, सगळ्यात खालची रेघ कुठे आहे, आणि ग्रामपंचायतीत विचारा की गेल्या दोनतीन उन्हाळ्यांत या वाडीला टँकर आला होता का. ते मे महिन्याइतकं खात्रीचं नाही, पण ऑगस्टच्या हिरवळीपेक्षा बरं. आणि तोपर्यंत भाव ठरवताना वरची सपाटी वेगळी मोजा, तिचा दर खाचराच्या दराने देऊ नका.

वहिनींना सांगा, नारळ होतील. दोन माड न्हाणीच्या पाण्यावर आणि एक भांडी घासायच्या जागेजवळ, तिथे खालून कातळ निघाला तर जागा चार पावलं सरकवा. बाजूला अळू आणि चार केळी. तेवढ्यासाठी विहीर मोजायची गरज नाही.